परतीच्या ताटातला केक

आमच्या ओट्यावर चार ताटं एकावर एक ठेवलेली होती आणि आमची अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. चहाचं पातेलं घ्यायला गेली तरी मान वळवून जायची. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढं कळतं की बायको ज्या वस्तूकडे बघत नाही, घरात तिच्यावरूनच काहीतरी होणार आहे.

ताटं शेजाऱ्यांची होती. दिवाळीचा फराळ त्यांतून आमच्याकडे आला, आम्ही तो खाल्ला आणि ताटं राहिली. फराळाचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं. आपल्या घरचं, आपल्या हातचं काहीतरी त्यात घालून, वर रुमाल टाकून द्यायचं असतं. अक्काची ताटं दरवर्षी पाडव्याच्या आत ज्याच्या त्याच्या घरी पोचतात. यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी चकलीचा सोऱ्या माळ्यावरून काढताना ती स्टुलावरून पडली. सोऱ्या शाबूत राहिला, उजवं मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि आमच्या घरातला फराळ तिथेच थांबला.

शेजारी मंडळी वाईट नाहीत. समोरच्या दारातली अंबूबाई म्हणाली, "राहू दे की ताट. कुठं पळून चाललंय?" वरच्या मजल्यावरची वल्लरी बँकेत नोकरीला आहे, ती जाता-येता म्हणायची, "अक्का, ताटाचं टेन्शन घेऊ नका ओ." माणूस बरं वाटावं म्हणून बोलतो. पण अक्काला प्रत्येक वाक्यात 'ताट' तेवढं ऐकू यायचं. तिने खाली अंगणात जाणंच बंद केलं.

"तुळशीच्या लग्नाला तरी येशील की," मी म्हणालो. आमच्या अपार्टमेंटच्या अंगणात दरवर्षी तुळशीचं लग्न लागतं आणि तुळशीला साडी नेसवायचा मान अक्काचा.

"लोकांची ताटं दाबून बसलीया मी. कुठल्या तोंडानं खाली जाऊ?"

"मग दुकानातनं लाडू-चिवडा आणू. ताटात घालू. कुणाला काय कळतंय?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. "विकतचं घालून ताट पाठवायचं असंल, तर माझा दुसरा हात बी मोडा आनी मग खुशाल पाठवा."

राहिला मी. पण मला गॅसला हात लावायची बंदी आहे. रिटायर झाल्यावर मी एकदा घरात दूध तापवायला ठेवलं होतं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ते पातेलं अजून आहे, त्यात कोरफड लावली आहे.

असा सगळीकडून कोंडलो असताना पुण्याहून आमच्या अस्मिताने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक परदेशी बाई होती, तिच्यामागे दिवे लावलेलं झाड होतं आणि ती नाताळच्या सणाचं गोडधोड करत होती. दुकानातले छोटे पाकिटातले केक तिने फोडले, कुस्करले, त्यात दूध-साय असलं काहीतरी घातलं, हाताने गोळे वळले, वर पांढरं काहीतरी भुरभुरलं आणि फ्रीजमध्ये ठेवून हसली. चूल नाही, भट्टी नाही, भाजणं नाही.

"बाबा, गॅस लागतच नाही," अस्मिता फोनवर म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. ती बाई करत होती ते सरळ सरळ लाडू वळणं होतं. तिला लाडू हा शब्द माहीत नव्हता, एवढाच फरक.

अक्कापुढे विषय काढला. ती म्हणाली, "केक विकतचाच न्हवं?"

"बेसनाच्या लाडवातला हरभरा तू पेरतीस व्हय? गूळ काय आपल्या गुऱ्हाळातला असतोय? सगळं विकतच आणतोय की. वळायचा हात घरचा पायजे."

यावर अक्काने डाव्या हाताने पदर सारखा केला. हा मुद्दा कोर्टातही टिकला असता असं मला आजही वाटतं.

"हात कुणाचा?" शेवटी तिने विचारलं.

"माझा."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. उमेदीची सगळी वर्षं मी उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर घालवली आहेत, हात तसेच आहेत. "आधी साबणानं धुवा," ती म्हणाली. "आनी अंडं नको. शिवम्माच्या घरात अंडं शिवत न्हाईत."

परवानगी मिळाली.

शिवम्माचा नवरा सिद्धराम याचं आमच्या कोपऱ्यावरच किराणा दुकान आहे. मूळचा गडहिंग्लजचा, वजनाला चोख, तोंडाला मोकळा. त्याच्याच घरी द्यायच्या पदार्थाचं सामान त्याच्याच दुकानात घ्यायचं म्हणजे चोरून घ्यायला हवं होतं. पण मला चोरून काही वाचता येत नाही. मला अक्षरं फार उशिरा आली, अस्मिता शाळेत जायला लागल्यावर तिच्याच पाटीवर. ज्यांना लहानपणी आली ते बघून न बघितल्यासारखं करतात. मला ते जमत नाही. दुकानाची पाटी, ट्रकची मागची बाजू, मिठाची पिशवी, जे दिसेल ते मी शेवटपर्यंत वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. तसं केकचं पाकीट वाचायला घेतलं. कुठे बनला, कधी बनला, काय काय घातलं, तक्रार कुठे करायची. अंडं नसल्याचा हिरवा ठिपका सापडेपर्यंत मागे गिऱ्हाइकं साचली.

"मामा," सिद्धराम म्हणाला, "केक खायचाय का त्याची परीक्षा द्यायचीया?"

"एक खोकं दे. आनी दुधाचा गोड डबा, तो घट्ट असतोय बघ."

"खोकं? वाढदिवस कुणाचा?"

"कुणाचा न्हाय."

"मग एवढं केक?"

"लागत्यात," मी म्हणालो. खरं सांगता येत नाही आणि खोटं सुचत नाही अशा वेळी मी हाच शब्द वापरतो. त्याचा परिणाम नेहमी वाईटच होतो. संध्याकाळपर्यंत अपार्टमेंटभर झालं की पिराजीमामा, म्हणजे मी, केकचा धंदा काढतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ज्ञानूअण्णा दारात आले. तहसील कचेरीत आयुष्य गेलेला माणूस. रिटायर झाले, पण कचेरी त्यांच्यातून रिटायर झाली नाही.

"तक्रार हाय," ते म्हणाले.

"कुणाची?"

"अजून कुणाची न्हाय. पण येणार. राहत्या जागेत व्यवसाय करता येत न्हाय, पिराजीराव."

"व्यवसाय कुठला? लाडू कराय लागलोय घरात."

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जायला निघाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फ्रीजचं बोलायचं राहिलं. आमच्या घरच्या फ्रीजमध्ये जागा नव्हती. हाड लवकर जुळावं म्हणून अंबूबाई रोज बकऱ्याच्या पायाचं सूप पाठवत होती. अक्काला ते जात नव्हतं आणि अंबूबाईला नको म्हणता येत नव्हतं. फ्रीजभर सूपच सूप झालं होतं. शिवम्माच्या ताटात जायचा पदार्थ त्या सुपाला टेकवून ठेवणं मला बरं वाटेना. जिन्याखालच्या ऑफिसात सोसायटीचा फ्रीज असतो, गणपतीत प्रसादाला लागतो. किल्ली ज्ञानूअण्णांकडे.

"अर्ज करा," ते म्हणाले. "पदार्थाचं नाव स्पष्ट घाला."

"लाडू."

"लाडू बाहेर टिकतोय. त्याला फ्रीज कशाला?"

"ह्या लाडवाला लागतोय."

"मग तो लाडू न्हवं. अर्जात चुकीची माहिती देऊ नका."

शेवटी मी 'केकपासून केलेला, लाडवासारखा दिसणारा, थंड जागेचा पदार्थ' असं लिहिलं. ज्ञानूअण्णांनी 'दिसणारा' या शब्दाखाली रेघ मारली आणि किल्ली दिली.

तुळशीच्या लग्नाला एक दिवस राहिला होता. दुपारी परातीत सगळे केक फोडले. त्या परदेशी बाईने कुस्करले तेव्हा रवाळ भुगा झाला होता. आमच्या केकमध्ये आत क्रीम निघालं आणि भुग्याचा चिखल झाला. वर मी गोड दुधाचा डबा ओतला. लेथवर काम केलेल्या माणसाला 'अंदाज' हा शब्द आवडत नाही. डबा आहे म्हणजे डबा ओतायचा. मग ते मिश्रण हाताला लागायचं, पण हात सोडायचं नाही.

तेवढ्यात दारात अंबूबाई सुपाचं भांडं घेऊन आली आणि आत डोकावली. "ह्ये काय कालिवलंय?"

"लाडू."

"लाडू न्हाय, लेप झालाय लेप. डाळ्याचं पीठ घाला, ओलावा ओढून घेतंय."

डाळ्याचं पीठ घातलं. मग शिवम्मा आली. तिला नवऱ्याकडून कळलं होतंच. "अय्यो, पिठाचा वास मारालाय. खोबरं घाला की, मामा. किसून. भाजू नका, तसंच." खोबरं घातलं. आता ते घट्ट झालं, पण केकची चव गेली. म्हणून सिद्धरामच्या दुकानातून आणखी केक आले. ते घातल्यावर पुन्हा सैल झालं, म्हणून पुन्हा पीठ. परात पुरेना, तेव्हा आंघोळीचं नवीन घमेलं घेतलं. ज्यांना ताटात घालून द्यायचं होतं, त्यांच्याच सल्ल्याने पदार्थ बनत होता. पण हे कुणासाठी चाललंय, असं दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. एवढी रीत आमचे शेजारी पाळतात.

अक्का खुर्चीवर बसून बघत होती. तिचा डावा हात मांडीवर आपोआप वळत होता, माझ्या हातात गोळा असला की तिचीही मूठ मिटायची. तिने एकच गोष्ट सांगितली, "दाबू नका. धरा." इतकी वर्षं लोखंड धरलेल्या माणसाला धरायला शिकवत होती, आणि बरोबर शिकवत होती. शेवटचे लाडू पहिल्यांपेक्षा बरे आले. परातीसकट सगळे सोसायटीच्या फ्रीजमध्ये ठेवून आलो आणि रात्री शांत झोपलो.

सकाळी फ्रीज उघडला तर आतला दिवा लागला नाही. संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विच खाली करायचा, वीजबचत म्हणून, असा ज्ञानूअण्णांचा नियम आहे. मला फ्रीजची परवानगी होती, विजेची नव्हती. रात्रभर बंद फ्रीजच्या उबेत लाडवांनी एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. लाडू असा एकही नव्हता, एक मोठी लादी होती.

ती लादी मी परातीतच रुमालाने झाकून वर आणली. अक्कासमोर ठेवली. मला वाटलं आता संपलं. तुळशीला साडी दुसरंच कुणीतरी नेसवणार आणि अक्का गॅलरीतून बघणार.

अक्काने रुमाल उचलला. बोटाने एक कोपरा दाबला, चाखला. मग म्हणाली, "सुरी घ्या."

"कशाला?"

"लाडू बसला तर त्याची वडी पाडायची. ह्यात रडायचं काय हाय? तेलाचा हात लावा सुरीला. तिरकं कापा, शंकरपाळ्यागत."

मी कापत गेलो. ती डाव्या हाताने एकेका वडीवर खोबरं दाबत गेली. फार वेळ लागला. मध्येच ती म्हणाली, "डावा हात बी ऐकतोय की थोडं थोडं." वड्या खरंच देखण्या झाल्या. तिने चारी ताटं पुसायला लावली, वड्या मांडल्या, वर रुमाल टाकले. मग गोळी घेऊन पडली. "चार वाजता उठवा. कुठलं ताट कुणाचं ते सांगती, मग द्या."

तिला झोप लागली. मी बसलो. ताटं तयार, मी तयार. ती उठायच्या आत ताटं पोचली असतील तर तिच्या तोंडावर काय येईल, हे बघायची मला हौस आली. आणि विचारायचं काय त्यात? प्रत्येक ताटावर काठाला नाव कोरलेलं होतं. आमच्या वर्कशॉपात ज्या पान्यावर ज्याचं नाव, तो पाना त्याचा. त्यावरून कधी भांडण झालं नाही. मी चष्मा लावला आणि वाचलं.

पहिल्यावर अंबूबाई. समोरचंच दार. तिने ताट घेतलं, रुमाल उचलला, वड्या बघितल्या, मग काठावरचं नाव बघितलं. तिचं तोंड एकदम वेगळं झालं. दार लावून घेतलं. बाईला गहिवरून आलं, असं मी समजलो.

दुसऱ्यावर सिद्धराम. दुकानात नेऊन दिलं. तोही नावाकडे बघत राहिला. "हे आनी तुमच्याकडं कसं?" तो म्हणाला. "अक्कानं पाठवलंय," मी म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि साखर मोजायला वळला. व्यापारी माणूस, भावना दाखवत नाही.

तिसऱ्यावर 'कै. दादू मिस्त्री यांच्या स्मरणार्थ' असं होतं. त्या पत्त्यावर जायची मला घाई नव्हती. ते ताट घरीच ठेवलं.

चौथ्यावर 'श्रीशैल, कबनूर' असं होतं. आता कबनूरला आमचं कोण? पण अक्काचा गोतावळा मोठा आहे. कुणीतरी एवढ्या लांबून फराळ पाठवला आणि आपण ताट अडकवून बसलो, हे मला फारच लागलं. मी ताट कापडात बांधलं आणि इचलकरंजीच्या एसटीत बसलो.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुमचं तिकीट माफ हाय. ताटाचं काय?"

"ताट मांडीवर हाय."

"काय हाय त्यात?"

"केकची वडी."

शेजारच्या बाईने विचारलं, केकची कशी करतात. हातकणंगले येईपर्यंत मी कृती सांगितली. फ्रीजचा भाग वगळला.

कबनूरला उतरलो. दोन ठिकाणी विचारलं, तिसऱ्या ठिकाणी सापडला. यंत्रमागाचा कारखाना, आत खटखटाट असा की ताटावरचा रुमाल हलत होता. श्रीशैल म्हणजे चाळिशीतला गडी, अंगावर सुताचे तंतू. बाहेर येऊन म्हणाला, "कुठनं आला, पावणं?"

"कोल्हापुरातनं. हे तुमचं ताट. उशीर झाला, माफ करा. मालकिणीचा हात मोडलाय."

त्याने ताट घेतलं, काठ बघितला. मग आत वळून हात वर केला, आणि माग बंद झाले. सगळे. मी कारखान्यात आयुष्य काढलं आहे. चालू यंत्र कुणी उगीच बंद करत नाही.

"हे ताट मी शिवम्मामावशीला दिलतं," तो म्हणाला. "तिच्या पोरीच्या, शांभवीच्या लग्नात. आहेर म्हणून. मावशीनं आहेर परत पाठवला? तुमच्या हातनं?"

"परत कशाला? तुमचं नाव हाय की त्याच्यावर."

"आहेराच्या ताटावर देणाऱ्याचं नाव असतंय, आजोबा. घेणाऱ्याचं न्हवं."

आयुष्यभर मी ताटात जेवलो, पण ताट उलटंसुलटं करून त्याचं काय असतं हे कधी बघितलं नव्हतं. आता दोन दारं डोळ्यांपुढे आली. अंबूबाई गहिवरली नव्हती. सिद्धराम व्यापारी म्हणून गप्प बसला नव्हता. मी त्या दोघांना त्यांचेच आहेर परत करून आलो होतो, आणि तेही अक्काचं नाव सांगून. रिकामं ताट परत देणं ही लाज असेल, तर आहेर परत देणं म्हणजे संबंध तोडणं. जी अक्का ताटासाठी तोंड लपवून बसली होती, तिच्या नावावर मी दुपारभरात तीन घरांची भांडणं लावली होती.

श्रीशैलने तोवर शिवम्माला फोन लावलाही होता. "मावशी, आमचं काय चुकलं ते तरी सांग," असं तो म्हणत होता. मी हातवारे करत होतो. आतून त्याची आई आली. तिने मला खाली बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसली. तिचं हसू थांबेना.

"कुणाचा हात मोडलाय म्हनलासा?" तिने विचारलं.

"आमच्या अक्काचा. उजवा."

"आनी वड्या कुणी केल्या?"

"मी."

ती परत हसली. मग ताट आत घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा वड्या काढून घेतलेल्या होत्या आणि ताटात करंज्या होत्या. "रिकामं कसं नेणार?" ती म्हणाली. "ताट शिवम्माचं. तिला द्या. करंज्या तुमच्या मालकिणीला."

परत येताना कंडक्टर तोच होता. "काय आजोबा, घेतलं न्हाई व्हय ताट?" मी खिडकीबाहेर बघितलं.

अपार्टमेंटच्या फाटकात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तुळशीभोवती ऊस बांधले होते, मंगलाष्टकांची वेळ होत आली होती आणि नवरी अजून साडीविना होती. कारण सगळी मंडळी दुसऱ्याच जागी गोळा झाली होती. मध्ये खुर्ची. खुर्चीत अक्का.

ती खाली आली होती. पाडव्यानंतर पहिल्यांदा.

"अक्का, मी विचारते आहे ते एवढंच," वल्लरी म्हणत होती, "माझं ताट काकूंच्या घरात गेलं कसं?"

"आनी मी विचाराय लागलीया," अंबूबाई म्हणाली, "तुझ्या वास्तुशांतीला मी दिलेलं ताट तू गल्लीभर वाटलंस कसं?"

"वाटलं नाही काकू, फराळ पाठवला त्यातनं."

पलीकडे सिद्धराम ज्ञानूअण्णांना विचारत होता, "अण्णा, तुमच्या पोराच्या मुंजीला दिलेलं ताट तुमास्नी जड झालतं व्हय?" ज्ञानूअण्णा म्हणत होते, "आमच्याकडनं असं काही निर्गमित झालेलं न्हाय." शिवम्मा हातात मोबाइल घेऊन डोळे पुसत होती.

अक्काने मला बघितलं. माझ्या हातातलं ताट बघितलं. "आलासा?" ती म्हणाली. "कुठवर गेलता?"

"कबनूर," मी म्हणालो.

अक्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "अगं बायांनो," ती म्हणाली, "ह्यांनी नावं वाचली."

पहिल्यांदा वल्लरी हसली. मग अंबूबाई. मग ज्ञानूअण्णा, जे कचेरीत कधी हसले नसतील. सिद्धराम म्हणाला, "मामा, एवढं वाचन बरं न्हवं तब्येतीला." अशा वेळी माणसाने ताट घट्ट धरून उभं राहावं.

"आणा हिकडं एकेक," अक्का म्हणाली. प्लास्टरचा हात मांडीवर, डावा पुढे. "हे काठाला चेपलंय ते वल्लरीचं. हे बूड हलतंय ते अण्णांच्या घरचं. कबनूरचं शिवम्माचं. आनी दादू मिस्त्रीचं वर घरात हाय, ते अंबूबाईचं. तिच्या भावाच्या वर्षश्राद्धाला वाटलेलं." नाव एकाही ताटाचं तिने वाचलं नाही. ताट हातात घेऊन जरा तोलायची, आणि सांगायची.

मग मी एक गोष्ट बघितली. अंबूबाईने आणलेलं ताट रिकामं नव्हतं, त्यात शंकरपाळ्या होत्या. सिद्धरामच्या ताटात पोह्याचा चिवडा होता. भांडायला आलेल्या माणसांनीसुद्धा ताट रिकामं आणलं नव्हतं.

"वड्या कशा झालत्या?" मी हळूच विचारलं.

"दाताला चिकटत्यात," अंबूबाई म्हणाली. "पण एक बी राहिली न्हाय."

"मला तर मिळालीच नाही," वल्लरी म्हणाली.

"आमच्याकडंही पोचलेली न्हाय," ज्ञानूअण्णा म्हणाले. "आनी फ्रीज तर आमचा."

शिवम्माने डोळे पुसले आणि करंजी मोडून अर्धी अक्काच्या हातात दिली. अक्का उठली. वल्लरीने निऱ्या धरल्या, अक्काने डाव्या हाताने खोचल्या, आणि तुळस साडी नेसून उभी राहिली. जरा तिरकी नेसली होती. नवरीकडच्या कुणीही तक्रार केली नाही.

मंगलाष्टकं संपून तांदूळ पडले, तेव्हा अक्काने पुन्हा भरून आमच्याकडेच आलेल्या ताटांकडे एकदा बघितलं. सरळ बघितलं, मान न वळवता. मग सिद्धरामला म्हणाली, "केकचं आणखी एक खोकं बाजूला काढून ठीव."

"मी देऊन येऊ ताटं ह्या वेळी?" मी विचारलं. "आता मला ठाव झालंय कुठलं कुणाचं."

"तुमी कुस्करा," अक्का म्हणाली. "वाटायचं मी बघती."